घाम, तालीम आणि पडदा : हाँगकाँगच्या कुंग फू चित्रपटांची कहाणी

१९५६ या एका वर्षात हाँगकाँगमध्ये एकाच नायकावर २५ चित्रपट निघाले. नायक वाँग फेइ-हुंग, त्याचे काम करणारा नट क्वान टाक-हिंग आणि बहुतेक वेळा समोर खलनायक म्हणून शिह किएन. गोष्टींतही फारसा फरक नसे. गावगुंड गरिबाला छळतो, वाँग आधी समजावतो, मग सोसतो आणि अगदीच नाइलाज झाला की हात उचलतो. तरीही लोक पदरचे पैसे मोडून पुन्हा पुन्हा थिएटरात येत. शेवट आधीच ठाऊक असताना ही माणसे काय बघायला येत होती?

पुढच्या पन्नास वर्षांत या छोट्याशा बंदरातले चित्रपट न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंत सगळीकडे पोचले. त्यांच्या यशाचे श्रेय सहसा हाणामारीला दिले जाते. पण हाणामारी जगातल्या सगळ्याच सिनेमांत होती. हाँगकाँगचा इतिहास पाहिला तर उत्तर वेगळे मिळते. ज्यांच्याजवळ स्वतःच्या देहाखेरीज कसलीही मालमत्ता नव्हती अशा माणसांनी हे चित्रपट घडवले आणि तशाच माणसांनी ते सर्वांत आधी डोक्यावर घेतले.

निर्वासितांचे शहर

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हाँगकाँगची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. चीनमधले यादवी युद्ध आणि १९४९ ची कम्युनिस्ट क्रांती यांमुळे सीमेपलीकडून माणसांचे लोंढे येऊ लागले आणि काही वर्षांतच हा आकडा वीस लाखांच्या वर गेला. डोंगरउतारांवर लाकडाच्या आणि पत्र्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेइ येथल्या वस्तीला आग लागली आणि सकाळपर्यंत पन्नास हजारांहून अधिक लोक उघड्यावर आले. त्यांच्यासाठी ब्रिटिश सरकारने खुराड्यांसारख्या खोल्यांच्या बहुमजली इमारती बांधायला घेतल्या. या खोल्यांतली माणसे दिवसभर कापडाच्या, खेळण्यांच्या आणि प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यांत राबत. स्वस्तातली करमणूक म्हणजे सिनेमा.

चिनी पडद्यावर लढवय्ये वीर नवे नव्हते. १९२८ साली शांघायच्या मिंगशिंग कंपनीने ‘द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल’ हा चित्रपट काढला आणि तो इतका चालला की १९३१ पर्यंत त्याचे १८ भाग निघाले. त्यातले वीर आकाशातून उडत, त्यांच्या तळहातातून अग्नी निघे, तलवारी आपोआप लढत. अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा पसरते, असे म्हणून राष्ट्रवादी सरकारने १९३१ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. त्या १८ भागांपैकी आज एकही उपलब्ध नाही.

१९४९ मध्ये दिग्दर्शक वू पांग याने हाँगकाँगमध्ये वाँग फेइ-हुंगवरचा पहिला चित्रपट काढला, तेव्हा त्याने ही जादू बाजूला ठेवली. वाँग हा खराखुरा माणूस होता. १८४७ साली फोशानजवळ जन्मलेला, हाडे बसवणारा वैद्य, कॅन्टन शहरात ‘पो ची लाम’ नावाचा दवाखाना चालवणारा आणि हुंग गार पद्धतीचा उस्ताद. त्याचा नावाजलेला शिष्य लाम साय-विंग हा धंद्याने खाटीक. लामचा शिष्य लाउ चाम हाँगकाँगमध्ये मुलांना शिकवत होता. वू पांगने अशा खऱ्या तालमीतल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभे केले. लाउ चामने या चित्रपटांत कामे केली, त्याचा मुलगा लाउ कार-लियुंगही किरकोळ भूमिका करू लागला. उडणाऱ्या तलवारींच्या जागी आता खरे हात, खरे पाय आणि खऱ्या काठ्या दिसू लागल्या. पडद्यावर जे दिसते ते कुणीतरी वर्षानुवर्षे घासून कमावलेले आहे, हे कारखान्यातल्या माणसाला सांगावे लागत नव्हते. हातातले कसब कसे येते हे त्याला स्वतःच्या अनुभवाने माहीत होते.

ऑपेराची शाळा

या चित्रपटांना माणसे मिळाली ती मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक, लाउ घराण्यासारख्या तालमी. आणि दुसरे, पेकिंग ऑपेराच्या शाळा. चिनी ऑपेरात गाणे, अभिनय, कोलांटउड्या आणि शस्त्रांची लढाई हे सगळे एकाच नटाला यावे लागते. त्यासाठी मुले सहा-सात वर्षांची असतानाच गुरूच्या ताब्यात दिली जात. कौलून भागात यू जिम-युएन या गुरूची ‘चायना ड्रामा अकॅडमी’ होती. आईवडील करारावर सही करत आणि मूल पुढची कित्येक वर्षे त्या शाळेचे होऊन जाई. मुलांना गुरूच्या नावातला ‘युएन’ हा शब्द नाव म्हणून मिळे. त्यांतली निवडक मुले ‘सेव्हन लिटल फॉर्च्यून्स’ या नावाने रंगमंचावर उतरत.

जॅकी चॅन या शाळेत आला तेव्हा सात वर्षांचा होता. त्याचे वडील आधी फ्रेंच वाणिज्यदूताच्या घरी काम करत होते. पुढे ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथल्या अमेरिकी दूतावासात स्वयंपाक्याची नोकरी मिळाली म्हणून ते तिकडे गेले आणि मुलगा गुरूकडे राहिला. तिथे त्याच्याबरोबर सामो हुंग, युएन बियाओ, युएन वाह आणि कोरी युएन होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत तालीम, तासन्तास हातांवर उभे राहणे, पाय फाकवण्याचे जीवघेणे व्यायाम आणि चूक झाली की वेताचा मार. जॅकी चॅनने आपल्या आत्मचरित्रात या माराचे तपशील दिले आहेत.

ही मुले कला शिकली आणि ती घेऊन बाहेर पडली तेव्हा ऑपेराचे दिवस सरले होते. सिनेमा आणि दूरचित्रवाणीने त्याचा प्रेक्षक ओढून नेला होता. वाचता-लिहिता फारसे येत नाही, दुसरा धंदा माहीत नाही, हातात आहे ती फक्त उडी, कोलांटी आणि पडायची तयारी. मग ती सिनेमाच्या सेटवर रोजंदारीने उभी राहू लागली. नायकाच्या बदली छपरावरून पडायचे, टेबल मोडत जमिनीवर आदळायचे आणि संध्याकाळी पैसे घ्यायचे. हाँगकाँगचा सारा कुंग फू सिनेमा या मुलांच्या पाठीवर उभा आहे.

ऑपेराने सिनेमाला माणसे दिली, तशी लढाईची लयही दिली. रंगमंचावरचा योद्धा ढोल आणि झांजांच्या ठेक्यावर झपाट्याने हालचाली करतो आणि ठेका संपताच क्षणभर एका आविर्भावात थांबतो. त्या थांबण्यामुळे आधीची हालचाल प्रेक्षकाच्या मनात ठसते. हाँगकाँगच्या पडद्यावरही असेच घडते. वार, बचाव, उलट वार, मग निमिषभर थांबणे आणि पुन्हा झपाटा. कॅमेरा एवढा मागे असतो की लढणाऱ्याची पावले दिसावीत. बहुतेक चित्रपटांत लढाई आधी कागदावर लिहिलेली नसे. ‘मार्शल आर्ट्स डायरेक्टर’ नावाचा माणूस सेटचा ताबा घेई, दिग्दर्शक बाजूला बसे. चार-सहा हालचाली बसवायच्या, चित्रित करायच्या, मग पुढच्या हालचालींसाठी कोन बदलायचा, असे चाले. पाच मिनिटांच्या लढाईला कधी कधी आठवडे लागत. आवाज नंतर भरला जाई, त्यामुळे सेटवर ओरडून सूचना देता येत. प्रेक्षकाला कापाकापीने फसवायचे नाही, हा या पद्धतीचा पाया होता.

तलवार ते मूठ

१९६१ मध्ये शॉ ब्रदर्स कंपनीच्या रन रन शॉ यांनी क्लिअरवॉटर बे येथे ‘मूव्हीटाउन’ हा प्रचंड स्टुडिओ उघडला. सेट, प्रयोगशाळा, पोशाखांची कोठारे आणि नटांची राहण्याची सोय, सगळे एका आवारात. तिथे १९६६ मध्ये किंग हू याने ‘कम ड्रिंक विथ मी’ काढला. नायिका चेंग पेइ-पेइ हिने नृत्याचे शिक्षण घेतले होते आणि लढाया बसवल्या होत्या ऑपेरातून आलेल्या हान यिंग-चिएह याने. सराईमध्ये चेंग पेइ-पेइला चारी बाजूंनी घेरणारे गुंड, तिचा शांत चेहरा आणि अचानक सुटणारा वार यांमुळे लढाईला नृत्याची शिस्त आली.

पुढच्याच वर्षी वारे बदलले. मे १९६७ मध्ये सान पो काँग येथल्या कृत्रिम फुलांच्या कारखान्यात कामगारांचा वाद पेटला आणि त्यातून हाँगकाँगभर दंगली उसळल्या. बाँब, संचारबंदी, धरपकड. ५१ माणसे दगावली. याच वर्षाच्या जुलैमध्ये चांग चेह याचा ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ झळकला. नोकराचा पोर असलेला नायक, गुरुकन्या रागाच्या भरात त्याचा उजवा हात तोडते, आणि तो उरलेल्या डाव्या हाताने मोडक्या तलवारीवर नवी विद्या उभी करतो. जिमी वांग यूने केलेली ही भूमिका तरुणांनी उचलून धरली आणि दहा लाख हाँगकाँग डॉलर कमावणारा तो तिथला पहिला चित्रपट ठरला. त्याच्या लढाया बसवणाऱ्यांत लाउ कार-लियुंग होता. तोडलेल्या हाताच्या जागी तालमीने दुसरे बळ उभे राहते, ही गोष्ट त्या वर्षी त्या शहराला हवी होती.

१९७० मध्ये जिमी वांग यूने ‘द चायनीज बॉक्सर’ दिग्दर्शित केला आणि तलवारही गळून पडली. आता फक्त मूठ उरली. त्याच वर्षी शॉ यांचे एक महत्त्वाचे अधिकारी रेमंड चाउ कंपनी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘गोल्डन हार्वेस्ट’ ही नवी कंपनी काढली. त्यांना एका नायकाची गरज होती.

ब्रूस ली

तो नायक त्या सुमारास भारतात फिरत होता. ब्रूस लीचा जन्म १९४० साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. त्याचे वडील कॅन्टनी ऑपेराचे नट होते. बालपण हाँगकाँगमध्ये गेले, तिथे त्याने इप मॅन यांच्याकडे विंग चुन पद्धतीचे कुंग फू शिकले आणि १९५८ मध्ये चा-चा नृत्याची स्पर्धाही जिंकली. पुढे अमेरिकेत गेला, शिकवण्या घेतल्या, ‘द ग्रीन हॉर्नेट’ या मालिकेत केटोची भूमिका केली, पण हॉलिवूड त्याला नायक करायला तयार नव्हते. १९७१ च्या सुरुवातीला तो, नट जेम्स कोबर्न आणि लेखक स्टर्लिंग सिलिफंट असे तिघे ‘द सायलेंट फ्लूट’ या नियोजित चित्रपटासाठी जागा शोधत भारतात आले. वॉर्नर ब्रदर्सचे पैसे परकीय चलनाच्या नियमांमुळे भारतात अडकले होते आणि ते इथेच खर्च व्हावेत अशी कंपनीची इच्छा होती. तिघे दिल्ली, मद्रास आणि गोवा असे हिंडले. कोबर्नला जागा पटल्या नाहीत आणि बेत बारगळला. तो चित्रपट आपल्याकडे झाला असता तर पुढचा इतिहास कसा गेला असता कोण जाणे. त्याच वर्षी ब्रूस लीने गोल्डन हार्वेस्टशी दोन चित्रपटांचा १५ हजार डॉलरचा करार केला आणि तो थायलंडमधल्या पाक चाँग या आडगावी चित्रीकरणाला गेला.

‘द बिग बॉस’ हा चित्रपट बर्फाच्या कारखान्याची गोष्ट सांगतो. पोटासाठी थायलंडला गेलेले चिनी मजूर, बर्फाच्या लाद्यांत लपवलेली अमली पदार्थांची पुडकी, प्रश्न विचारणारा मजूर गायब होणे. नायकाने आईला वचन दिले आहे की मारामारी करणार नाही, आणि गळ्यातले पदक त्याला ते वचन आठवून देते. चित्रपटाचा मोठा भाग तो हात बांधून उभा राहतो, प्रेक्षक आतून तडफडत असतो. पदक तुटते आणि मग तो लढतो. ऑक्टोबर १९७१ मध्ये हा चित्रपट लागला तेव्हा थिएटरात बसलेल्यांपैकी कितीतरी जण दुसऱ्या दिवशी अशाच एखाद्या कारखान्यात पाळीवर जाणार होते. चित्रपटाने तीस लाख हाँगकाँग डॉलरचा टप्पा ओलांडून जुने सगळे विक्रम मोडले.

मार्च १९७२ मध्ये ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आला. शांघायच्या जिंगवू संस्थेचे प्रसिद्ध उस्ताद हुओ युआनजिया १९१० मध्ये वारले होते. त्यांच्या अंत्यविधीपासून सुरू होणारी ही गोष्ट त्यांच्या काल्पनिक शिष्याची आहे. जपानी तालमीतले लोक चिनी माणसाला ‘आशियाचा आजारी माणूस’ अशी पाटी देऊन हिणवतात तेव्हा तो त्यांच्या तालमीत जाऊन त्या पाटीचा कागद त्यांनाच खायला लावतो. बागेच्या दारावर ‘कुत्रे आणि चिनी लोकांना मज्जाव’ असे लिहिलेली पाटी तो उडी मारून लाथेने फोडतो. ब्रिटिश वसाहतीत राहणाऱ्या प्रेक्षकांनी या क्षणाला जे डोक्यावर घेतले, त्यामागे शतकाहून अधिक काळाचा अपमान होता. शेवटी पोलिसांच्या बंदुकांवर झेपावणारा नायक हवेतच गोठतो. तो मरणार हे सगळ्यांना कळते, पण पडताना तो दिसत नाही.

डिसेंबर १९७२ चा ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ त्याने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. रोमच्या कलोसियममध्ये चक नॉरिसशी होणारी त्याची लढाई अभ्यासण्यासारखी आहे. दोघेही आधी अंग सैल करतात, सांधे मोडतात, मान फिरवतात. सुरुवातीला ब्रूस लीचा नायक मार खातो, मग पवित्रा बदलतो, पायांची लय धरतो आणि जिंकतो. हरणाऱ्याला तो थांबण्याची संधी देतो, ती नाकारली गेल्यावरच शेवटचा घाव घालतो आणि मग त्याचा अंगरखा आणि पट्टा त्याच्या देहावर पसरून गुडघे टेकतो. मारामारीच्या चित्रपटात शत्रूच्या कष्टाला इतका मान क्वचितच दिला गेला आहे.

हॉलिवूडला आता त्याच्याकडे यावे लागले. वॉर्नर ब्रदर्स आणि गोल्डन हार्वेस्ट यांनी मिळून सुमारे साडेआठ लाख डॉलरमध्ये ‘एंटर द ड्रॅगन’ केला. त्या चित्रपटात हाँगकाँगच्या या परंपरेच्या तीन पिढ्या एकत्र दिसतात. बेटाचा मालक असलेला खलनायक हान म्हणजे १९४९ पासून क्वान टाक-हिंगच्या समोर उभा राहणारा तोच शिह किएन. बहिणीच्या भूमिकेत ऑपेराचे शिक्षण घेतलेली अँजेला माओ. सुरुवातीच्या लढतीत ब्रूस लीशी भिडणारा सामो हुंग, कोलांट्यांसाठी त्याचा बदली म्हणून युएन वाह, आणि तळघरातल्या गर्दीत ब्रूस लीच्या हातून मान मोडून घेणारा एक पोरगेला स्टंटमन, जॅकी चॅन. २० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली हाँगकाँगमध्ये मेंदूला सूज येऊन वारला. वय ३२. महिन्याभराने ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत झळकला.

जगाच्या रस्त्यांवर

अमेरिकेत दार आधीच उघडले होते. कोरियन दिग्दर्शक जिआँग चांग-ह्वा याने शॉ ब्रदर्ससाठी केलेला ‘किंग बॉक्सर’ वॉर्नरने मार्च १९७३ मध्ये ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’ या नावाने लावला आणि तो जोरात चालला. मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीतली थिएटरे, न्यूयॉर्कचा ४२ वा रस्ता आणि तिथला कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण प्रेक्षक यांनी या चित्रपटांना आपले मानले. त्यांच्याच देशाच्या पडद्यावर त्यांच्यासारखा नायक दुर्मीळ होता. इथे गोरा नसलेला एक माणूस, हातात बंदूक नाही, पाठीशी सरकार नाही, आणि तरीही तो वाकत नाही. वीस वर्षांनी, १९९३ मध्ये, न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाने आपल्या पहिल्या अल्बमचे नाव शाओलिनच्या चित्रपटावरून ठेवले.

१९७४ मध्ये कार्ल डग्लस याचे ‘कुंग फू फायटिंग’ ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. ते गाणे तबकडीच्या मागच्या बाजूसाठी केले होते आणि त्याचा निर्माता होता बंगळुरूचा बिद्दू, ज्याने पुढे ‘कुर्बानी’साठी ‘आप जैसा कोई’ केले. भारतातही ‘एंटर द ड्रॅगन’ने थिएटरे भरली. मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत नानचाकू फिरवायला शिकणारी मुले दिसू लागली, कराटेच्या वर्गांना गर्दी झाली आणि ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटमुळे हे चित्रपट तालुक्याच्या गावीही पोचले. संवाद समजला नाही तरी बिघडत नसे. कष्टाने कमावलेले शरीर कोणत्याही भाषेत कळते.

छत्तिसावे दालन

ब्रूस लीच्या मृत्यूनंतर निर्मात्यांनी त्याच्यासारखे दिसणारे, त्याच्यासारखे ओरडणारे नट शोधले, आणि ते सगळे विस्मृतीत गेले. या परंपरेला पुढचा रस्ता दाखवला तो लाउ कार-लियुंगने. वाँग फेइ-हुंगच्या शिष्यपरंपरेत वाढलेला हा माणूस १९७५ मध्ये दिग्दर्शक झाला आणि १९७८ मध्ये त्याने ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ काढला. माझ्या मते या सबंध प्रकारातला हा सर्वांत मोलाचा चित्रपट आहे.

मांचू राजवटीच्या जुलमातून जीव वाचवून एक विद्यार्थी शाओलिन मठात पोचतो. त्याला वाटते, गेल्या गेल्या लढाई शिकवतील. पण मठात ३५ दालने आहेत आणि प्रत्येक दालनात एकेक अवयव घडवला जातो. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून पाय न भिजवता जायचे. दंडांना पाती बांधून पाण्याच्या बादल्या वर न्यायच्या. हात खाली आला की पाते बरगडीत शिरते. लांब, जड काठीच्या टोकाने घंटा वाजवायची. डोक्याने वाळूच्या पिशव्यांवर धडका द्यायच्या. चित्रपटाचा जवळजवळ अर्धा भाग या तालमीने व्यापला आहे आणि प्रेक्षक खिळून बसतो. या विद्यार्थ्याची, म्हणजे सान टेची, भूमिका करणारा गॉर्डन लिउ हा लाउ चामचाच शिष्य. शेवटी सान टे मठाकडे एक नवे दालन मागतो. छत्तिसावे दालन मठाबाहेर असेल, सामान्य माणसांना शिकवण्यासाठी.

कुंग फू चित्रपटाचे आकर्षण यापेक्षा स्पष्ट कुणी मांडले नाही. विद्या जन्माने मिळत नाही, नशिबाने मिळत नाही. तासांनी, महिन्यांनी, वर्षांनी मिळते आणि मागेल त्याला ती द्यायची असते. ज्या प्रेक्षकाला पैसा, घराणे आणि ओळख यांतले काहीच मिळाले नाही, त्याला हा पडदा सांगत होता की तुझ्याकडे जे आहे ते पुरेसे ठरू शकते.

त्याच वर्षी जॅकी चॅनलाही त्याचा सूर सापडला. ब्रूस लीचा वारस म्हणून त्याला उभे करण्याचे प्रयत्न फसले होते. युएन वू-पिंग या दिग्दर्शकाने त्याला ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आणि ‘ड्रंकन मास्टर’ या दोन चित्रपटांत मोकळे सोडले. ‘ड्रंकन मास्टर’चा नायक म्हणजे तरुण वाँग फेइ-हुंगच, पण आता तो उनाड, आळशी, मार खाणारा पोरगा आहे. त्याला घडवणाऱ्या दारुड्या गुरूची भूमिका युएन वू-पिंगच्या वडिलांनी, युएन सिउ-तिएन यांनी केली. ब्रूस ली अजिंक्य होता; जॅकी चॅनला लागते, तो कळवळतो, हात झटकतो आणि पुन्हा उठतो.

ही वेदना पुढे खरीच होती. ‘प्रोजेक्ट ए’मध्ये (१९८३) तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छतांमधून थेट जमिनीवर पडतो. ‘पोलीस स्टोरी’च्या (१९८५) शेवटी तो दुकानांच्या इमारतीत खांबावरून, पेटत्या दिव्यांच्या माळा तोडत अनेक मजले घसरत येतो, त्याचे हात भाजले आणि पाठीला मार बसला. १९८६ मध्ये ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून त्याची कवटी फुटली आणि तो मरता मरता वाचला. शेवटच्या श्रेयनामावलीसोबत तो फसलेल्या उड्या आणि अपघात दाखवू लागला, म्हणजे आपण काय पाहिले हे प्रेक्षकाला कळावे.

किंमत आणि वारसा

या कौतुकात एक गोष्ट झाकू नये. सात वर्षांच्या मुलाला वेताने मारून घडवलेले कौशल्य आपण आनंदाने पाहिले आहे. नायकाच्या अपघाताची बातमी होते, पण हाडे मोडून घरी बसलेल्या किती स्टंटमनांची नोंद कुठेच नाही. अशा बालपणाची परंपरा संपली हे चांगलेच झाले. त्या मुलांनी जे कमावले त्याचा आदर करायचा तर ही किंमतही सांगितली पाहिजे.

शॉ ब्रदर्सने ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर चित्रपटनिर्मिती थांबवून दूरचित्रवाणीवर लक्ष दिले. १९९१ मध्ये त्सुइ हार्कने ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’मध्ये वाँग फेइ-हुंगला पुन्हा उभे केले, या वेळी भूमिकेत होता बीजिंगच्या वूशू संघाचा विजेता जेट ली. ‘पोलीस स्टोरी ३’मध्ये (१९९२) मिशेल योहने मोटारसायकल धावत्या आगगाडीच्या टपावर उडवली. पण नव्वदच्या दशकात हॉलिवूडचे भव्य चित्रपट आणि चोरट्या प्रती यांमुळे हाँगकाँगचा बाजार खचला. तिथली माणसे मात्र जगभर गेली. ‘द मॅट्रिक्स’च्या (१९९९) लढाया युएन वू-पिंगने बसवल्या आणि त्याआधी नटांकडून काही महिने तालीम करून घेतली. अँग लीच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ला (२०००) चार ऑस्कर मिळाले, त्याच्याही लढाया युएन वू-पिंगच्याच आणि जेड फॉक्सच्या भूमिकेत १९६६ ची चेंग पेइ-पेइ. पुढे थायलंडच्या टोनी जाने ‘ओंग-बाक’मध्ये (२००३) आणि इंडोनेशियाच्या इको उवाइसने ‘द रेड’मध्ये (२०११) आपापल्या देशांच्या युद्धकला पडद्यावर आणल्या, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांनी त्यांना जवळ केले ते खऱ्या देहाच्या खऱ्या हालचालींसाठी.

आज संगणक कुणालाही दहा मजल्यांवरून पाडू शकतो आणि त्याला खरचटतही नाही. म्हणूनच ज्यांना खरचटत होते त्यांचे काम जपणे गरजेचे आहे. हाँगकाँगच्या चित्रपट पुरस्कारांत लढाई बसवणाऱ्याला १९८३ पासून स्वतंत्र पुरस्कार दिला जातो. अमेरिकेच्या अकादमीने स्टंट डिझाइनसाठी ऑस्कर देण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले आणि तो पहिल्यांदा २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात दिला जाणार आहे. इतका उशीर व्हायला नको होता. पुढच्या वेळी असा चित्रपट पाहाल तेव्हा दिवे लागले तरी जागेवरून उठू नका. शेवटी सरकत जाणाऱ्या नावांत स्टंट करणाऱ्यांची नावे येतात. तेवढी वाचून मग बाहेर पडा.